कोट पुन्हा मळला नाही

त्या रस्त्यावर सगळे त्याला डागदर म्हणत. लाँड्रीचा मालक, वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, आणि कपड्यावरचा डाग नुसता हुंगून तो शाईचा, तेलाचा की गंजाचा हे सांगणारा. हे नाव कुणी पाडलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण त्याला ते मनापासून आवडे. आपल्या कामाला लोक डॉक्टरकीचा मान देतात, फक्त जुन्या माणसांसारखा उच्चार करतात, अशी त्याची समजूत होती. नावात डाग आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे, हे वीस वर्षांत त्याच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

माणूस सरळ होता. सरळ म्हणजे प्रामाणिक, तसाही तो होताच. पण इथे सरळ म्हणजे शब्द जसा कानावर पडेल तसाच उचलून खिशात घालणारा. एकदा बायको वैतागून म्हणाली, माझं डोकं खाऊ नका. तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं की मी मघापासून फक्त चहा पितोय. विनोद म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

बायको त्याच्या अगदी उलट. ती पुढे काउंटरवर बसून कपडे घेई, त्यांना चिठ्ठ्या लावी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एखादी म्हण किंवा टोमणा चिकटवल्याशिवाय सोडत नसे. मागे टेबलावर इस्त्रीवाले काका. पंचवीस वर्षं इस्त्री फिरवून फिरवून त्यांचा स्वभावही घडीबंद झाला होता. विचारल्याशिवाय बोलत नसत, आणि विचारलं तरी आधी समोरची बाही पुरी करत.

काउंटरच्या कडेला दोरीने बांधलेली एक अभिप्रायाची वही होती. आत असायचं काय, तर 'बरं आहे', 'पँट सापडली, आभार', आणि एका पानावर कुणाच्या तरी मुलाने काढलेला हत्ती. डागदर रोज दुकान बंद करण्याआधी ती वही उघडून बघे आणि मिटून ठेवी. अशात एका सोमवारी एका कोऱ्या पानावर दोन ओळी आल्या. अक्षर असं, की प्रत्येक शब्द मोजून चिमट्याने वाळत घातलाय. 'या दुकानात दिलेला माझा कोट त्यानंतर पुन्हा कधीही मळला नाही. असा अनुभव मला आयुष्यात दुसरीकडे कुठेही आलेला नाही.' खाली सही नव्हती.

डागदरने ते तीनदा वाचलं. मग काकांना वाचून दाखवलं. काकांनी इस्त्री उभी केली, तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा इस्त्री उचलली. बायकोला दाखवलं तर ती ओठ दाताखाली धरून हँगर मोजायला लागली. दोघांनाही भरून आलंय, असं त्याने ठरवलं.

आठवड्याच्या आत रंगारी आला. दारावर पांढरी पाटी चढली आणि तिच्यावर त्या दोन ओळी, हात-हातभर अक्षरांत, निळ्या रंगात. शेवटी रंगाऱ्याने विचारलं, खाली नाव कुणाचं घालू. नाव तर नव्हतं. डागदरने थोडा विचार केला आणि सांगितलं, 'एक समाधानी ग्राहक' असं घाल.

पाटीचा परिणाम चांगलाच झाला. लोक थांबत, वाचत, हसत. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन येत. काही जण फोटो काढत. डागदर दारात येऊन हात जोडी. एकाने त्याला सांगितलं की एवढा खरेपणा कुठल्याच दुकानाच्या पाटीवर पाहिला नाही. डागदर म्हणाला, आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे.

तिसऱ्या आठवड्यात समोरचा औषधवाला आला. हा माणूस कधी हसत नसे. आयुष्य बाटल्यांवरच्या तारखा वाचण्यात गेलेलं. त्याच्या काखेत एक जाड ब्लँकेट होतं, पण ते तो काउंटरवर ठेवेना. आधी त्याला एक गोष्ट जाणून घ्यायची होती: तो कोट हरवला होता, की जळाला होता? डागदरला प्रश्नच कळेना. तेव्हा औषधवाल्याने डोस समजावून सांगतात तसं समजावलं.

"कोट मळला नाही, म्हणजे कुणी घातला नाही. घातला नाही, म्हणजे घालण्यासारखा राहिला नाही, नाहीतर परतच मिळाला नाही. दोन्हींपैकी काय ते सांगा. त्यावर ब्लँकेट द्यायचं की नाही ते ठरवतो."

डागदर काउंटरला धरून उभा राहिला. एक-दोन वेळा मनात ते वाक्य म्हणून पाहिलं. मग हळूच मान वळवून बायकोला विचारलं, तुला कळलं होतं का?

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही त्या दिवशी शीळ घालत घरी आलात. लग्नानंतर दुसऱ्यांदा. ती तुमच्या तोंडातून काढून कोण घेणार?"

मागून काका म्हणाले, त्यांना वाटलं होतं की मालकांना सगळं कळलंय आणि मोठ्या मनाने ते पाटी लावतायत. म्हणून तर त्यांचा आदर वाढला होता. आता तोही गेला, असं काका म्हणाले नाहीत, पण इस्त्री जरा जोरात फिरली.

औषधवाला ब्लँकेट घेऊन परत गेला. दुपारी डागदरने स्वतः शिडीवर चढून पाटीला पांढरा रंग फासला. एका हाताने काम भागलं नाही. अक्षरं आतून निळसर दिसत राहिली, तेव्हा आणखी दोन हात दिले. खाली उतरल्यावर त्याने बायकोला विचारलं, तो कोट होता तरी कुणाचा. तिला सगळं आठवत होतं. राखाडी, लांब, लोकरीचा, लाकडी बटणांचा. दोन चौक पलीकडे राहणाऱ्या भाषेच्या बाईंचा, शाळेतून निवृत्त झालेल्या. आणि तो ड्रायक्लीनला जायचा होता, पण कुणीतरी टॉवेलांबरोबर गरम पाण्यात टाकला. कुणीतरी म्हणताना तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही, यावरून ते कुणीतरी कोण ते स्पष्ट झालं.

त्यालाही आठवलं. बाई कोट न्यायला आल्या तेव्हा त्याने दोन्ही बाह्या धरून जरा ओढल्या होत्या आणि म्हणाला होता, थोडा आखडलाय, अंगावर घातला की सैलावेल. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं होतं. थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या होत्या. मग वहीकडे वळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या घरी गेला. जिना चढताना राग अर्धा आणि लाज अर्धी होती. दार वाजवेपर्यंत त्याने लाज खाली ढकलून राग वर आणला. बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुस्तकं इतकी की खुर्च्यांवरही तीच बसलेली. बाईंनी एका खुर्चीवरचा शब्दकोश उठवून त्याला जागा करून दिली.

त्याने तक्रार मांडली. काही वाईट वाटलं होतं तर तोंडावर सांगायचं होतं. असं गोड लिहून माणसाला रस्त्यावर हसं करायचं, हे शिकल्यासवरल्या माणसाला शोभत नाही. बाईंना पाटीचं काहीच माहीत नव्हतं. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर त्या बाजूला फिरकल्या नव्हत्या. अक्षरं हातभर होती आणि निळी होती हे ऐकल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. खांदे बराच वेळ हलत राहिले. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, खाली नाव कुणाचं घातलं होतं?

"एक समाधानी ग्राहक."

बाई एकदम गंभीर झाल्या. "समाधानी हे विशेषण माझं नाही. दुसऱ्याच्या मजकुरात भर घालताना आधी विचारायचं असतं."

डागदरला वाटलं, आपण तक्रार करायला आलो होतो, आता उत्तर आपल्यालाच द्यावं लागतंय. बाईंनी मग त्याला सांगितलं की अशा बोलण्याला व्याजस्तुती म्हणतात.

"व्याज? म्हणजे बँकेत असतं ते?"

"नाही. हे व्याज म्हणजे बहाणा. वरून स्तुतीचा बहाणा, आतून निंदा. भाषेतला एक अलंकार आहे तो."

"म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ."

"त्यावर खेळलं की तो श्लेष. तुमच्या नावात आहे तसा."

"माझ्या नावात काय आहे?"

बाईंनी शक्य तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. अशा रीतीने चोवीस तासांत त्याची पाटीही गेली आणि पदवीही.

मग त्यांनी कपाटातून कोट काढून आणला आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. आठ वर्षांच्या मुलाला ऐसपैस झाला असता, दहा वर्षांच्याला तंग. डागदरने उठून कॉलर उलटून पाहिली, बाहीची कड दोन बोटांत धरली. लोकर आवळून सतरंजीसारखी जाड झाली होती. यावर इलाज नाही, हे त्याच्या बोटांना लगेच कळलं. तो परत येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, मला हे शिकवा."

"काय?"

"हे अलंकार. पुन्हा कुणी मला असं काही लिहून गेलं तर तिथल्या तिथे कळलं पाहिजे."

बाईंनी त्याला चष्म्यावरून नीट पाहून घेतलं. बुधवारी लाँड्री बंद असते हे त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, दहा वाजता या, आणि वही आणा.

पहिल्या बुधवारी उपमा झाली. एका गोष्टीला दुसरीसारखी म्हणायचं, आणि मध्ये 'सारखा', 'प्रमाणे' असा एखादा शब्द. बाईंनी मुद्दाम त्याच्या धंद्यातलं उदाहरण घेतलं: शर्ट दुधासारखा पांढरा. डागदर म्हणाला, हे चूक आहे. दूध पांढरं नसतं, पिवळट असतं. शर्ट दुधासारखा निघाला तर गिऱ्हाईक परत आणून देईल. पांढरे सात असतात, आणि दुधाचा त्यातला सहावा. चौतीस वर्षांच्या नोकरीत हा आक्षेप एकाही मुलाने घेतला नव्हता. बाईंनी पेन्सिल उचलून तो स्वतःच्या वहीत टिपून घेतला.

रूपक त्याला आधी पटलं नाही. 'डोळे हेच दिवे' हे वाचून त्याने विचारलं, यातलं 'सारखे' कुठे गेलं? गाळलं, बाई म्हणाल्या. का गाळलं? बाईंनी जरा विचार करून सांगितलं, लिहिणाऱ्याने धीर केला म्हणून. हे मात्र त्याला आवडलं. घरी जाताना तो दोन-तीनदा स्वतःशीच म्हणाला, धीर केला म्हणून.

अपन्हुतीच्या दिवशी तर तो खुर्चीत ताठ झाला. आहे ती गोष्ट नाकारायची आणि ती दुसरीच काही आहे म्हणायचं. 'हे डोळे नव्हेत, ही तळी आहेत.' डागदर म्हणाला, हे तर आमचे काका रोज करतात. ही सुरकुती नाही, ही घडी आहे. हा डाग नाही, कापडाचा मूळ रंग आहे. बाई म्हणाल्या, असं असेल तर तुमचे काका जन्मजात कवी आहेत. गुरुवारी त्याने हा निरोप काकांना पोचवला. आपल्यावर कसला तरी आळ आलाय असं वाटून काका दुपारपर्यंत फुगून बसले.

अतिशयोक्तीचं उदाहरण बाईंनी त्यालाच द्यायला सांगितलं. दुकानात रोज बोललं जाणारं, पण खरं म्हणून कुणी धरत नाही असं एखादं वाक्य. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाला, "उद्या संध्याकाळी नक्की मिळेल." बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले.

हळूहळू ही विद्या त्याच्या अंगात भिनली. धुलाईचं मशीन रुसलंय, असं बायको गेली दहा वर्षं म्हणत होती; आता ती तसं म्हणाली की तो मागून 'चेतनगुणोक्ती' असं पुटपुटे, आणि मशीन तसंच राही. एका दुपारी तिने कपाळावर हात मारून म्हटलं, तुमच्यासारखे तुम्हीच. त्याने वही काढली. ज्याची तुलना त्याच्याशीच, तो अनन्वय. हे तर उघड होतं. पण ती व्याजस्तुतीही असू शकत होती. नक्की कुठल्या अर्थाने म्हणालीस, असं त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, जेवायला बसा.

व्याजस्तुती. खरा घोळ तिनेच केला. एकदा ती कळल्यापासून त्याला कुणाचीही स्तुती गोड लागेना. एक कारकून म्हणाला, कॉलर काय मस्त झालीय; डागदरने त्याला बाजूला घेऊन विचारलं की मनात काय आहे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, पँट नव्यासारखी झाली. त्यांना त्याने पँट तिथेच उलगडायला लावली आणि जुन्यापणात नेमकं काय बिघडलं होतं ते विचारलं. गृहस्थ पुढच्या वेळी आले ते पँट देऊन न बोलता निघून गेले.

आणि मग शनिवारी गेस्टहाउसचा मॅनेजर आला. हा दांडगा, सावकाश बोलणारा माणूस दर शनिवारी दोन बोचकी खांद्यावर टाकून येई. प्रत्येकात वीस चादरी. सहा वर्षांत त्याच्या तोंडून चांगला किंवा वाईट एक शब्द निघाला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याने बोचकी ठेवली, घाम पुसला आणि हसून म्हणाला, "डागदर, तुमच्याकडून धुऊन आलेल्या चादरीवर पाहुणा एकदा झोपला ना, की उठायचं नावच घेत नाही."

डागदरने हातातली पेन्सिल खाली ठेवली. झोपला तो उठत नाही. म्हणजे चिकटला. नाहीतर आजारी पडला. नाहीतर त्याहून वाईट.

"साहेब," तो म्हणाला, "जे असेल ते तोंडावर बोला. चादरी ओल्या गेल्या का? वास आला का? आता व्याजस्तुती मला कळते."

मॅनेजरचं हसू तोंडावरच थिजलं. तो शब्द त्याने कधी ऐकला नव्हता, पण तो ज्या सुरात आला त्यावरून ती शिवीच असणार याबद्दल त्याला शंका उरली नाही. खरं तर तो गेस्टहाउसचे सगळे पडदेही धुवायला द्यायचे, हे सांगायला आला होता. त्याने तसं काही सांगितलं नाही. दोन्ही बोचकी पुन्हा खांद्यावर घेतली, दारातून जरा वाकून बाहेर पडला, आणि रस्त्याच्या टोकाला असलेल्या दुसऱ्या लाँड्रीच्या दिशेने चालू लागला.

बायकोने हे सगळं काउंटरवरून पाहिलं. ती काही बोलली नाही. रात्री जेवताना बोलली नाही, रविवारी बोलली नाही, सोमवारी नाही. चहा वेळेवर येत होता, चिठ्ठ्या लागत होत्या, गिऱ्हाइकांशी ती नेहमीसारखीच बोलत होती. फक्त नवऱ्यापाशी आली की तिचा आवाज संपत होता. मशीन रुसलं तेव्हाही तिने नुसतं बोट दाखवलं. काका मध्येच डागदरकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत.

बुधवारी त्याने बाईंना आल्या आल्या विचारलं, माणूस काहीच बोलत नसेल तर तो कुठला अलंकार?

"कोण बोलत नाही?"

"आमची ही."

"तो अलंकार नाही," बाई म्हणाल्या. "तो राग आहे. काय केलंत?"

त्याने शनिवारचं सगळं सांगितलं, मॅनेजरचं वाक्य शब्दाला शब्द. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या चादरी आटल्या होत्या का? नाही. फाटल्या? नाही. पिवळ्या पडल्या होत्या? यावर डागदर दुखावला. माझ्या हातून चादर पिवळी पडेल का, असं त्याने विचारलं.

"मग ते निंदा कशाची करतील?" बाई म्हणाल्या. "वाक्य कधी एकटं येत नाही हो. त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं. माझ्या वाक्याच्या आधी माझा कोट गेला होता. त्यांच्या वाक्याच्या आधी चार पाहुण्यांना चांगली झोप लागली होती. साधी, गरीब अतिशयोक्ती होती ती, आणि तुम्ही तिला चोर समजून बडवलंत."

डागदर बराच वेळ वहीच्या कोपऱ्याला चुण्या पाडत बसला. मग म्हणाला, त्यांची माफी मागतो, आत्ताच लिहून काढतो. पंधरा मिनिटं तो खाली मान घालून लिहीत होता. मध्ये एकदा त्याने 'मानी' आणि 'मॅनेजर' यांत अनुप्रास होतो का, ते विचारून घेतलं. लिहून झाल्यावर वही पुढे केली. 'मानी मनाच्या मॅनेजर महाशय, माझ्या मूर्ख मुखातून जे निघाले ते शब्द नव्हते, ते दगड होते. आपल्या चादरी म्हणजे चांदणेच. त्या गेल्यापासून दुकान जणू अमावस्या पांघरून बसले आहे. माझी चूक झाली. आपल्यासारखे आपणच.'

बाईंनी लाल पेन्सिल घेतली. पहिल्या वाक्यावर एक रेघ गेली. चांदण्यावर गेली. अमावस्येपाशी पेन्सिल क्षणभर थांबली, कारण ती उत्प्रेक्षा बरी जमली होती, पण तीही गेली. अनन्वय गेला. वही परत आली तेव्हा पानावर तीन शब्द उरले होते.

"एवढंच?"

"एवढंच. मोठ्याने वाचून दाखवा. नीट, त्यांच्यासमोर उभे आहात असं समजून."

डागदर उभा राहिला. समोर उभं कुणी नव्हतं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर खुंटीला कोट होता. 'माझी' म्हणून तो थांबला.

सात बुधवार झाले होते. तो या कोटासमोर बसून अकरा अलंकार शिकला होता, बाईंचा सात वेळा चहा प्यायला होता, आणि हे वाक्य बोलायचं राहून गेलं होतं. मॅनेजरला नव्हे, इथेच. उलट कोट हातात देताना तो सैलावेल असं म्हणाला होता. त्याने कोटाकडून मान वळवली आणि बाईंकडे पाहिलं.

"बाई, माझी चूक झाली. कोट मी गरम पाण्यात घातला. टॉवेलांबरोबर. घाईत होतो, आतली पट्टी वाचली नाही. आणि सैलावेल म्हणालो ते खोटं होतं. लोकर एकदा आवळली की सैलावत नाही. मला तेव्हाच माहीत होतं."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"तो कोट घालून मी सव्वीस हिवाळे शाळेत गेले," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून हे एवढंच ऐकायला त्या दिवशी काउंटरपाशी थांबले होते. पाच मिनिटं तरी थांबले असेन. तुम्ही काही बोलेनात. मग ती वही दिसली."

त्या चहा करायला आत गेल्या, आणि चहाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ आत राहिल्या. डागदर उभाच होता. चहा आल्यावर दोघांनी तो घेतला आणि त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.

तिथून तो थेट गेस्टहाउसला गेला. मॅनेजर खालच्या मजल्यावरच्या बोळात एका पाहुण्याची समजूत घालत होता. नव्या लाँड्रीने चादरींना इतकी खळ घातली होती, की एक चादर भिंतीला टेकून आपली आपण उभी होती. पाहुण्याचं म्हणणं असं होतं की रात्री कूस बदलली की लाकूड मोडल्यासारखा आवाज येतो आणि शेजारच्या खोलीतली माणसं भिंत ठोकतात. पाहुणा गेल्यावर मॅनेजर वळला आणि त्याला डागदर दिसला. त्याने छाती पुढे काढली.

"माझी चूक झाली," डागदर म्हणाला. "तुम्ही स्तुती करत होतात, मला कळली नाही."

मॅनेजर पुढचं ऐकायला थांबला. पुढचं काही आलं नाही. त्याने संशयाने विचारलं, बस? आणखी काही म्हणायचं नाही?

"होतं. बाईंनी खोडलं."

मॅनेजरला यातलं काही कळलं नाही, पण समोरचा माणूस खोटं बोलत नाही एवढं कळलं. त्याने भिंतीला टेकलेली चादर उचलली, तिची घडी घालायचा प्रयत्न केला, आणि सोडून दिला. चादरी पुन्हा धुवायला द्यायला तो तयार होता, पडदेही देणार होता, पण आधी डागदरने त्याला एक सांगायला हवं होतं. शनिवारचा तो शब्द काय होता? त्याने तिघांना विचारलं होतं. एक म्हणाला बँकेचं काम आहे, एक म्हणाला कोर्टाचं, आणि तिसऱ्याने वकील गाठायचा सल्ला दिला होता.

डागदरने समजावून सांगितलं: वरून स्तुती, आतून निंदा. मॅनेजरने मान हलवत ते डोक्यात बसवलं. मग विचारलं, तुमची कुणी केली होती का तशी?

"केली होती. मी ती रंगवून दारावर लावली."

मॅनेजरला आधी हसू दाबायचं होतं, कारण तो अजून रागावलेला होता. पण ते दबेना. तो भिंत धरून हसला, मग जिन्याच्या पायरीवर बसून हसला, आणि वरच्या मजल्यावरून दोन पाहुणे काय झालं म्हणून वाकून बघायला लागले. डागदर त्याच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने तोही हसला. इतके दिवस त्या पाटीवर सगळे हसले होते, तेवढा तोच राहिला होता.

दोन बोचकी त्याने खांद्यांवर घेतली, पडद्यांचं तिसरं मॅनेजरने स्वतः दुकानापर्यंत आणून दिलं. बंद दुकानात बायको हिशेबाने चिठ्ठ्यांची चवड लावत बसली होती. तिने बोचक्यांकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं, तो गेल्यावर नवऱ्याकडे पाहिलं. डागदरने तिला काय काय झालं ते सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या, तो काय म्हणाला, आणि कोट सैलावणार नाही हे आधीच माहीत होतं, हे इतके दिवस न सांगितलेलंही.

तिने ऐकून घेतलं. हातातली चिठ्ठी चवडीवर ठेवली.

"मला वाटलं, त्या बाईंनी तुम्हाला दत्तक घेतलं," ती म्हणाली. "आता शाळेच्या डब्याचंही बघावं लागणार."

डागदर हसला. कसला अलंकार ते त्याने शोधलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हाच राग गेल्याचं कळलं.

दोघांनी मिळून पडदे भिजत घातले. कधी धुतले गेले होते कोण जाणे. पहिलं पाणी काळं निघालं, दुसरं तांबूस. तपकिरी पडदे, असं मॅनेजर सांगून गेला होता आणि तिने चिठ्ठीवर तसं लिहूनही घेतलं होतं. तिसऱ्या पाण्यातून तिने एक पडदा वर उचलला, पिळला आणि खिडकीशी धरला. तो हिरवा होता. त्यावर लहान लहान पांढरी फुलंही होती.

दोघांनी तो उलटून पालटून पाहिला. मग मॅनेजरला हे कुठल्या शब्दांत सांगायचं, यावर हौदाच्या कडेला बसून त्यांचं बोलणं सुरू झालं, आणि चार वाजले तरी ते ठरलं नव्हतं.